कॅमेऱ्यावर टाकलेली चादर

आमच्या हॅकिंगच्या क्लासचे सर मे महिन्यातल्या नागपुरात काळं, टोपीचं जाकीट घालून शिकवायचे. खाली बर्डीच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत असायचं, वर्गातला एसी थंड करण्यापेक्षा आवाजच जास्त करायचा, आणि हा माणूस टोपी कपाळापर्यंत ओढून, घामाने निथळत, "सिस्टीम में घुसना है तो सिस्टीम के जैसा सोचो" असली वाक्यं फेकायचा. भिंतीवर तसल्याच टोपीतल्या, तोंड न दिसणाऱ्या माणसाचं पोस्टर होतं. सरांनी ते पाहूनच जाकीट घेतलं असावं. पहिल्याच दिवशी मला कळलं होतं की आपण भामट्याच्या दारात येऊन बसलोय. तरी मी रोज जात राहिले, कारण शिकायचं मला होतं आणि घरी तोंड दाखवायला क्लासचं नाव लागत होतं.

वर्गात मी एकटी मुलगी. बाकीचे सगळे मुलगे, आणि त्यांच्या महत्त्वाकांक्षा ऐकाव्यात अशा होत्या. एकाला सोडून गेलेल्या मैत्रिणीचं खातं उघडायचं होतं. एकाला कॉलेजच्या संगणकात शिरून स्वतःचे मार्क वाढवायचे होते, जणू अभ्यास करण्यापेक्षा ते सोपं पडणार होतं. एकाला तर फक्त शेजाऱ्याचं वायफाय हवं होतं. त्यासाठी शेजाऱ्याशी गोड बोललं असतं तरी भागलं असतं. ही सगळी मंडळी मधल्या सुट्टीत खाली टपरीवर तर्री-पोहे खात देशाच्या सायबर सुरक्षेवर बोलायची.

सरांनी एक गोष्ट मात्र खरी शिकवली, तीही विकत आणलेल्या स्लाइडवर छापलेली होती म्हणून. दुसऱ्याच्या सिस्टीमला हात लावण्याआधी मालकाची परवानगी घ्यायची. मालकाच्या सांगण्यावरून त्याच्या घराची दारं-खिडक्या हलवून पाहायच्या, कुठली उघडी आहे ते त्याला सांगायचं आणि एक चमचाही न उचलता बाहेर यायचं. या धंद्यात आपल्यात आणि चोरात फरक तेवढाच. मुलांनी स्लाइडचा फोटो काढला आणि कुणीतरी विचारलं, "सर, पुढचं घ्या ना." सरांनी पुढचं घेतलं.

मला ते वाक्य आवडलं होतं. खरं सांगायचं तर या विषयातलं मला पहिल्यांदा आवडलेलं तेच. मी बीसीए झालेली, घरून एका वर्षाची मुदत घेऊन आलेली. वर्षात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर कळमेश्वरला परत आणि मग स्थळं पाहायला सुरुवात, असं बाबांशी ठरलं होतं. बाबा तिथल्याच एका कंपनीत सुपरवायझर. कळमेश्वर काही लांब नाही, पण क्लास संध्याकाळी सुटायचा आणि तेव्हाच्या बसने एकट्या मुलीनं यायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा. म्हणून होस्टेल.

मानेवाड्याकडचं ते होस्टेल एका काका-काकूंनी स्वतःच्या घरावर मजला चढवून काढलेलं. खाली ते दोघं, वर समोरासमोर खोल्या आणि मधून एक लांब पॅसेज. जिन्याच्या पहिल्या पायरीशी पाटी: पुरुषांना वर प्रवेश नाही, वडील व भाऊ यांनी खालीच थांबावे. त्यांच्या जाहिरातीवर लिहिलेलं असायचं, घरच्यासारखं वातावरण, चोवीस तास पालकांच्या नजरेखाली. हे दुसरं वाक्य अलंकारिक असेल असं मला वाटलं होतं. ते नव्हतं. एक कॅमेरा फाटकावर होता, आणि एक वर पॅसेजच्या टोकाला, छताखाली. प्रवेशाच्या दिवशी काकांनी बाबांच्या मोबाईलवर एक लिंक पाठवली, पासवर्ड सांगितला, आणि बाबांना तिथल्या तिथे वरचा पॅसेज उघडून दाखवला. बाबांचा चेहरा असा काही खुलला, जणू आता मुलगी नागपुरात असूनही घरातच आहे.

तो पॅसेज म्हणजे आमचं सगळं बाहेरचं जग होतं. खोल्यांत कूलर बसत नव्हते, म्हणून एक भलामोठा निळा कूलर पॅसेजमध्ये ठेवलेला. त्याची वाळ्याची एक बाजू लोंबत असायची. त्याच्यासमोर मुली केस वाळवायच्या, पाय पसरून पडायच्या, फोनवर भांडायच्या. कपडे तिथेच वाळायचे. वायफायही तिथेच नीट यायचं, म्हणून मीही तिथेच फतकल मारून जुन्या लॅपटॉपवर सराव करायची. सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली एक सिस्टीम मी लॅपटॉपमध्येच उभी केली होती आणि तिचे दरवाजे एकेक करून ठोकत बसायची. पहिलं दार उघडलं त्या दिवशी मी एवढ्यांदा ओरडले की समोरच्या खोलीतली मुलगी झुरळ निघालं समजून झाडू घेऊन आली.

आणि हे सगळं कळमेश्वरला दिसत होतं. मी फाटकापर्यंत पोचलेलीही नसायची तोच बाबांचा फोन, "हिरवा ड्रेस घालून कुठं निघाली वं?" एकदा आई म्हणाली, "केस किती गळून राह्यले तुये. तेल लावत जा." मी म्हटलं, तुला काय माहीत? तर ती म्हणाली, "पाह्यलं ना म्या काल. कंगव्यातून काढून फेकून राह्यली होती." बाबा कधीकधी समाधानाने सांगायचे, "काल लय वेळ शिकत बसली होती तू. पाहून राह्यलो होतो मी." त्यांच्या आवाजात कौतुक असायचं, आणि त्या कौतुकाची मला चीड यायची. शिकायचं असेल तर हे सोसावं लागेल, असं मी स्वतःला समजावत होते. शहाण्या मुली अशाच समजूतदार असतात म्हणे.

मग एके संध्याकाळी सरांनी जाहीर केलं, "आज लाइव्ह डेमो."

दिवे घालवले. सरांनी टोपी ओढली. पडद्यावर काळी खिडकी आणि तिच्यातून सरसर वर पळणारी हिरवी अक्षरं. मुलं जागच्या जागी ताठ झाली. मी ती अक्षरं वाचत होते, कारण बाकी कुणाला वाचायची सवय नव्हती. ती सरांच्याच लॅपटॉपमधल्या फायलींची नावं होती. त्यांत भाच्याच्या वाढदिवसाचे फोटोही पळून गेले. एवढं झाल्यावर सर म्हणाले, "टारगेट मिल गया," आणि त्यांनी एक बटण दाबलं.

पडद्यावर आमचा पॅसेज होता.

आधी मला कूलर दिसला. वाळ्याची लोंबणारी बाजू दिसली. दोरीवरचा माझा पिवळा टॉवेल दिसला. आणि कूलरसमोर उपड्या बादलीवर बसून, गाऊन गुडघ्यापर्यंत ओढून, केसांना तेल लावणारी माझी रूममेट. ती नर्सिंगला होती आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती. कान आणि खांद्यामध्ये फोन धरून ती हसत कुणाशी तरी बोलत होती. भिंतीएवढी मोठी दिसत होती.

कुणीतरी शीळ घातली. कुणीतरी म्हणालं, "सर, झूम होते काय?" आणि सरांनी झूम केलं. या माणसाला महिनाभर मी सर म्हणत होते.

मी उभी राहिले. "सर, परवानगी कुणाची घेतली?"

"अगं, एज्युकेशनल पर्पज आहे. बस खाली."

"बंद करा हे."

मागून एकजण म्हणाला, "काहून? तुयं घर आहे काय ते?" सगळे खदाखदा हसले. हो म्हणाले असते तर त्या खोलीतल्या प्रत्येकाला मी कुठे झोपते ते कळलं असतं. नाही म्हणणं माझ्याने झालं नाही. मी पुढे गेले आणि प्रोजेक्टरची वायर भिंतीतून उपटली. अंधारात सरांचा आवाज आला की शिस्त नसेल तर क्लास सोडता येतो. मी दप्तर उचललं आणि सोडला.

जिन्यात पुढच्या बाकावरचा मुलगा मागून धावत आला. मला वाटलं, माफी मागायला आला असेल. तसं काही नव्हतं. त्याला श्रेय हवं होतं. "सरनं काही हॅक-बिक नाही केलं," तो म्हणाला. "लिंक म्याच देल्ली त्याईले. माया मामाची पोरगी राह्यते तिथं. मामानं आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली होती. म्हणे, सगळ्यायनं लक्ष ठेवा पोरीवर."

"आणि तू ती सरांना दिलीस."

"पासवर्डसकट," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "तू बी तिथंच राह्यते काय?"

मी उरलेल्या पायऱ्या उतरले. पायी निघाले आणि बर्डीपासून बरीच पुढे जाईपर्यंत ऑटो करायचं माझ्या लक्षातच आलं नाही. इतके दिवस मी दारं कशी फोडतात ते शिकत होते. पुस्तकात होतं की चुकून उघडी राहिलेली खिडकी शोधायची, विसरलेली कडी शोधायची. इथे कुणी काही विसरलं नव्हतं. एका बापाने मुलीच्या काळजीपोटी दार बिजागरीतून काढलं होतं आणि नातेवाइकांत वाटलं होतं. आणि तसे बाप वर जेवढ्या मुली तेवढे होते. त्यांपैकी एक माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. काका खाली दिवाणावर बसून मोबाईल बघत होते, म्हणजे बहुधा आम्हालाच बघत होते. मी शांतपणे सांगितलं की आपला वरचा पॅसेज काल एका क्लासमध्ये पडद्यावर दाखवला गेला. कुणी दाखवला, लिंक कुठून आली, सगळं सांगितलं. वरचा कॅमेरा काढा, फाटकावरचा राहू द्या, आणि पासवर्ड तरी आजच्या आज बदला.

"पासवर्ड बदलवला तर समद्या पालकायले पुन्हा सांगा लागल," काका म्हणाले. त्यांना यातली एवढीच अडचण दिसली.

"काका, पासवर्ड म्हणजे होस्टेलचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन आहे."

"मंग? सोपा पाह्यजे ना. काही पालक शिकेल नाहीत."

"आणि कॅमेरा?"

"तो तं तुमच्या बापायसाठीच लावला, बाई. तुया बापानंच मले विचारलं होतं, वर आहे ना म्हणून. त्याईले विचार पहिले." मग ते दयेने हसले. "हॅकर झाली म्हणून साऱ्या दुनियेत चोर दिसून राह्यले तुले." आतून काकू म्हणाल्या की चांगल्या घरच्या पोरींनी भ्यायचं कशाला.

बाबांना विचारायचं म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. कॅमेऱ्यात खोट आहे असं बाबांना कधीच वाटलं नसतं. त्यांना नागपुरात खोट दिसली असती. सामान बांध, एवढंच ते म्हणाले असते, आणि माझं वर्ष तिथेच संपलं असतं.

एक सोपा उपाय होता. कॅमेऱ्याचं चित्र जिथून मोबाईलवर जायचं तो डबा जिन्याखालीच होता, तो बसवणाऱ्याने त्याचा कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवलेला. पॅसेजमध्ये बसल्या बसल्या मी तो डबा मुका करू शकले असते आणि काकांना जन्मात कळलं नसतं. माझे हात शिवशिवत होते. पण डबा माझा नव्हता आणि मालकाने नाही म्हटलं होतं. ती स्लाइड अख्ख्या क्लासमध्ये मी एकटीने मनावर घेतली होती आणि ती आता मलाच आडवी येत होती. सरांनी झूम केलं तेव्हा त्यांना काही आडवं आलं नव्हतं. मला त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं, बस्स.

रात्रीच्या जेवणाआधी मी रूममेटला सगळं सांगितलं. तिला राग येईल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "मी नापास झाली होती तवा तिथंच रडत बसली होती ना वं? ते बी दिसलं असन?" मी म्हटलं, कदाचित. ती म्हणाली, "बाबा तवा म्हणे, तू फोन नाही केला, तं मले समजलंच नाही." मग ती बराच वेळ नखं कुरतडत राहिली. म्हणजे तिच्या बाबांना दिसलं होतं आणि त्यांनी फोन केला नव्हता. ते तिला त्या क्षणी लागलं, आणि मला तिच्याकडे बघवेना.

रविवारी आम्ही चादर टाकली. माझी सोलापुरी चादर, जाड, लाल-काळ्या नक्षीची. ती मी धुतली आणि कपड्यांची एक नवी दोरी कॅमेऱ्याच्या अगदी नाकासमोरून बांधून तिच्यावर वाळत घातली. दोरी माझी, चादर माझी, आणि होस्टेलच्या नियमांत कपडे पॅसेजमध्येच वाळवावेत असं लिहिलेलंच होतं. कुणाची परवानगी लागत नव्हती. इतक्या दिवसांच्या शिक्षणातून निघालेला माझा हा पहिला खराखुरा उपाय, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

सुरुवातीला काही झालं नाही. मुली आपापल्या दारांत उभ्या राहून हसत होत्या. मग एका खोलीत फोन वाजला. मग दुसऱ्या. मग आमच्या. बघता बघता सगळ्या पॅसेजभर फोन वाजायला लागले. भंडाऱ्याचे बाबा, काटोलचे काका, उमरेडचा मोठा भाऊ. एका मुलीला तर तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला, "ते समोर काय आलं?" साखरपुड्याला अजून महिना होता आणि त्याला लिंक कुणी दिली ते तिला माहीत नव्हतं. ती फोन हातात धरून तशीच भिंतीला टेकली. आम्ही हसायचं थांबलो. रविवारची दुपार होती, माणसं जेवून आडवी झालेली असतात, आणि विदर्भातली एवढी माणसं आडवी होऊन आमचा पॅसेज बघत होती.

माझा फोन शेवटच्या काहींमध्ये वाजला.

"कॅमेरा बंद पडला काय वं?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. चादर टाकली."

"मंग काढ ना. काही दिसून नाही राह्यलं."

"नाही काढत." आणि मग मी सांगून टाकलं. क्लास, पडदा, शीळ, झूम, मामाचा ग्रुप. बोलता बोलता माझा आवाज चढला. मी म्हटलं, "तुम्हाले जे दिसत होतं ते साऱ्या गावाले दिसत होतं, बाबा. तुम्ही पाह्यत होता म्हणून दिसत होतं."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग बाबा म्हणाले, "सामान बांधून ठेव. मी येऊन राह्यलो."

मी सामान बांधलं नाही.

ते मोटरसायकलवरून भर उन्हात आले. डोक्याला पांढरा दुपट्टा, चेहरा तापून लाल. काकांशी बोललेच नाहीत, चपला काढून थेट जिन्याकडे निघाले. मी वरून खाली येतच होते. पहिल्या पायरीवर त्यांचा पाय पडला आणि काकू आडव्या आल्या.

"नाही भाऊ, वर नाही जाता येत. पाटी लावली आहे ना."

"पोरीचं सामान घ्या लागते," बाबा म्हणाले.

"ते खाली आणल ती. नियम म्हणजे नियम. सख्खा बाप असला तरी नाही." काकूंनी आवाज जरा खाली आणला, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू गेलं. "पोरी कशाही बसून राह्यतात वर. उघड्या-वाघड्या. बरं दिसते काय?"

काकू हे मनापासून बोलल्या. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही, आणि दिवाणावरून मान हलवणाऱ्या काकांनाही वाटलं नाही. मी म्हटलं, "काकू, पुन्हा बोला ना एकदा." त्या म्हणाल्या, "काय पुन्हा बोला? खरं तेच तं सांगून राह्यली."

बाबांच्या उजव्या हातात मोबाईल होता. तो तसाच चालू होता, वरची चादर बघत बघतच ते घरातून निघाले असतील. त्यांनी काकूंकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाईलकडे. पहिल्या पायरीवरचा पाय त्यांनी खाली घेतला. एवढा मोठा माणूस, कंपनीत माणसं हाकणारा, तिथे अनवाणी उभा होता आणि त्याला नजर कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. मला दया आली, आणि दया आली याचाही राग आला.

थोड्या वेळाने ते बाहेर येऊन चपला घालायला लागले. मी त्यांच्या मागे गेले.

"चाल घरी," ते म्हणाले. आता आवाजात हुकूम नव्हता, तरी वाक्य तेच होतं.

"काहून? मी काय केलं?"

"तू काही नाही केलं."

"मंग मी नाही येत बाबा. वर्ष संपलं नाही माझं."

ते बराच वेळ किक मारायच्या बेतात बसून राहिले. मला वाटलं काहीतरी बोलतील. चूक झाली, एवढं एक वाक्य मला त्या माणसाकडून हवं होतं. त्यांनी दुपट्टा नीट बांधला आणि निघून गेले. नाक्यावर वळेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत होते, त्यांनी वळून पाहिलं नाही.

बाकीच्यांचं सांगायला नकोच. काकांनी चादर काढली, आम्ही परत टाकली. ते सकाळी काढायचे, दुपारी आम्ही टाकायचो. चादरी बदलत गेल्या, कारण प्रत्येक खोलीने आपापली द्यायला सुरुवात केली. शेवटी काकांनी सुरक्षेच्या कारणास्तव पासवर्ड बदलला. एक-दोन-तीनच्या पुढे त्यांनी चार लावलं, आणि तो सगळ्या पालकांच्या ग्रुपवर पाठवून खाली लिहिलं, कृपया फॉरवर्ड करू नये. क्लासच्या सरांनी मला प्रमाणपत्र दिलं नाही. पुढच्या बॅचच्या जाहिरातीत मात्र लाइव्ह डेमो मोठ्या अक्षरांत होता. अशा माणसांचं काही बिघडत नाही.

मी पॅसेजमध्येच बसून शिकत राहिले. चादरीमागे. बाबांचा फोन बंद झाला तो झालाच. आईचा यायचा, ती इकडचं तिकडचं बोलायची. एकदा मी न राहवून विचारलं, "मंग पाह्यलं काय आज, मी काय करून राह्यली ते?" आई म्हणाली, "कुठचं वं. तुया बाबानं काढून टाकलं ते मोबाईलमधून. मले बी पाहू नाही देत." मी मनात म्हटलं, आता काढून काय उपयोग.

वर्ष संपायच्या आत मला एका लहान कंपनीत शिकाऊ म्हणून घेतलं. काम तेच, मालकांनी परवानगी दिलेल्या सिस्टीमची दारं हलवून पाहायची. मी आईला कळवलं. बाबांना सांग म्हटलं.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात एकदा निघायला उशीर झाला. मेट्रो स्टेशनच्या पायऱ्या चढत असताना फोन वाजला. बाबा. इतक्या महिन्यांनी ते नाव स्क्रीनवर पाहून मी पायरीवरच थांबले.

"पोचली काय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी मला हे आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. त्याची गरजच पडली नव्हती. त्या क्षणी मी कुठेही असू शकले असते, कुणाहीबरोबर, आणि हो म्हटलं असतं तर त्यांना ते खरं धरूनच झोपावं लागलं असतं.

"नाही बाबा. बर्डीलेच आहो अजून. उशीर झाला."

मला वाटलं आता सुरू होईल, काहून उशीर, कुणासोबत, घरी ये.

"बरं," बाबा म्हणाले. "पोचली की सांगजो."

होस्टेलवर गेल्यावर मी चादरीखाली उभी राहून फोन लावला आणि सांगितलं, पोचले. त्यांनी बरं म्हटलं. दोघांपैकी कुणीच फोन लगेच ठेवला नाही. मी काय घातलंय, ते त्यांना ठाऊक नव्हतं.